नत्राची वेळ

पावसाळ्याच्या तोंडावर शेतकऱ्याच्या घरी जे हिशेब मांडले जातात, त्यांत खताच्या पोत्यांचा हिशेब अग्रभागी असतो. पोती किती आणावीत याची चर्चा पुष्कळ होते. ती केव्हा फोडावीत याचा विचार मात्र अभावानेच आढळतो. वस्तुतः भाताचे उत्पन्न आणि तांदळाचा कस ही दोन्ही नत्राच्या मात्रेइतकीच त्याच्या वेळेवरही अवलंबून असतात.

१९६८ साली ‘जया’ हे बुटके वाण आले आणि १९७३ साली झुआरीनगरच्या कारखान्यात खताचे उत्पादन सुरू झाले. नत्र पचविणारे बियाणे आणि नत्राचे पोते ही दोन्ही गोमंतकीय शेतकऱ्याच्या हाताशी आली. त्याचा लाभ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ‘पी हळद नि हो गोरी’ ही वृत्तीही त्यासोबत बळावली. लावणी आटोपली की सारा युरिया एकाच दिवशी फेकून मोकळे व्हावे, अशी रीत अनेक ठिकाणी पडली.

ही रीत किती महागात पडते, ते पाहावे. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे जेमतेम २१ किलो नत्र असते. पाण्यात उभ्या असलेल्या भाताला वरून फेकलेल्या नत्रापैकी साधारणतः ३० ते ४० टक्केच पिकाच्या मुखी लागते. उरलेल्यापैकी काही अमोनिया होऊन उडते. काही नायट्रेट बनून चिखलाच्या प्राणवायूरहित थरात उतरते आणि तेथील जिवाणूंच्या क्रियेने वायुरूपाने हवेत परतते. आषाढाची मुसळधार बांधावरून वाहू लागली की राहिलेले ओहोळातून खाडीला मिळते. शेतकऱ्याचा पैसा आणि सरकारचे अनुदान असे दोन्ही पाण्यात जाते.

पिकाची भूक सदासर्वकाळ सारखी नसते. फुटवे येताना ती वाढते, कारण लोंब्यांची संख्या तेथेच ठरते. कापणीपूर्वी सुमारे दोन महिने लोंबीचा गर्भ धरतो; त्या वेळचे नत्र लोंबीतील दाण्यांची संख्या राखते. म्हणून अर्धे नत्र लावणीच्या वेळी चिखलात मिसळून, पाव फुटव्यांना आणि पाव लोंबी धरताना द्यावे, हा सर्वसाधारण नियम होय. फुलोऱ्याच्या सुमारास मिळालेले नत्र दाण्यातील प्रथिने वाढविते आणि तांदूळ गिरणीत कमी तुटतो. मात्र प्रथिने फार वाढली तर शिजलेला भात कठीण होतो, हेही ध्यानी असावे.

अति तेथे माती, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. नत्र अतोनात झाले की पीक काळेभोर हिरवे दिसते, पण धाट नाजूक होते. करपा आणि तुडतुडे त्यावर तुटून पडतात. परतीच्या पावसात असे पीक आडवे झाले की दाणा पाण्यात कोंबारतो वा काळा पडतो. खाजनातील उंच ‘कोरगुट’ला तर हा धोका अधिकच. वायंगणात ऊन भरपूर असल्याने पीक नत्राचे चीज अधिक करते; तेथील मात्रा शरदाच्या पिकाला जशीच्या तशी लावणे शहाणपणाचे नव्हे.

उपाय खर्चाचे नाहीत. खत देण्यापूर्वी शेतातील पाणी उतरवावे, नंतर काही दिवस मोऱ्या बंद ठेवाव्यात आणि आभाळ भरून आले असता हात आवरावा. पानाचा रंग पट्टीशी ताडून भूक ओळखता येते. युरियाच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल रोवल्या तर नत्र बरेच टिकते. २०१५ साली सर्व देशी युरियाला निंबतेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने नत्राचा ऱ्हास मंदावतो, चुकीची वेळ मात्र सुधारत नाही.

मजुरी परवडत नाही म्हणून गोव्यात आज शेते पडीक राहत आहेत. जी कसली जातात, त्यांतील प्रत्येक पोत्याचे दाण्यात रूपांतर झाले, तरच कसणाऱ्याचा धीर टिकेल. कृषी खात्याने पोत्यांच्या वाटपाइतकीच आस्था त्यांच्या वेळापत्रकाविषयी दाखवावी आणि आपला माणूस फुटव्यांच्या दिवसांत बांधावर पाठवावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. कापणीनंतर दिलेला सल्ला म्हणजे वरातीमागून घोडेच.