नाक, नाव आणि अवधान

कागल मागे टाकून कोगनोळीवरून निपाणीकडे जाणाऱ्या परक्या माणसास हंगामात तंबाखूचा उग्र दर्प चटकन जाणवतो. गावकऱ्यास विचारावे, तर त्याला तो येतच नाही! त्याचे नाक बिघडलेले नसते. नित्याच्या वासाची दखल घेणे तेवढे सुटलेले असते. वास घेण्यात मेंदूचाही वाटा असतो तो असा. म्हणूनच ज्या तरुणांचे अवधान अस्थिर, त्यांच्या घ्राणशक्तीकडे शास्त्रज्ञांची दृष्टी वळली.

अवधान-न्यूनता व अतिचंचलता, संक्षेपाने एडीएचडी, या विकाराशी जुळणारी लक्षणे लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालच्या व्याख्यानांत मुलांच्या संदर्भात वर्णिली होती. वय वाढले की तो आपोआप सरतो, ही समजूत मात्र पुष्कळांच्या बाबतीत खोटी ठरली. तारुण्यात धावपळ कमी होते. पण काम तडीस नेणे, सांगितलेले ध्यानात धरणे, उतावीळपणा आवरणे जड जाते. घरची माणसे 'वेंधळा' म्हणून मोकळी होतात.

हा कारभार मुख्यतः मेंदूच्या पुढल्या भागाकडे असतो, आणि डोळ्यांच्या खोबणीवरील त्याच्याच एका भागाचा गंध ओळखण्याशी निकट संबंध आहे. या विकाराशी ज्याचा संबंध जोडला जातो ते डोपामिनही नाकाची वार्ता प्रथम स्वीकारणाऱ्या गंधकंदात आढळते. तथापि संशोधनाचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. काही प्रौढांत गंध ओळखण्यात उणीव दिसली. उलट २००८ साली जर्मनीत औषध न घेणाऱ्या मुलांचे नाक अधिकच तीक्ष्ण आढळले.

वास येणे निराळे, त्याचे नाव सांगणे निराळे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रसिद्ध कसोटीत ४० वास असून प्रत्येकास चार पर्याय असतात. योग्य नाव निवडण्यास स्मृती, भाषा व क्षणभर थांबण्याची शक्ती लागते. उतावळा तरुण पहिल्याच नावावर बोट ठेवील आणि दोष नाकावर जाईल! शिवाय त्यात 'रूट बिअर' नामक अमेरिकन पेयाचाही वास आहे. कोगनोळीच्या तरुणास तो ओळखता आला नाही, तर न्यून कोणाचे?

त्यामुळे हुंगण्यावरून या विकाराचे निदान होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ बाराव्या वर्षापूर्वीची लक्षणे विचारतात. शाळेतील शेरे, आईवडिलांच्या आठवणी तेथे उपयोगी पडतात. वास खरोखरच येईनासा झाला असेल, तर जुनी सर्दी, धूम्रपान किंवा कोविड ही कारणे कान-नाक-घसा तज्ज्ञाने आधी तपासावयाची असतात.