प्लग वायर: पॉइंटपासून इंजेक्शनपर्यंत

मोटरसायकलची प्लग वायर कधी बदलायची, याचं उत्तर किलोमीटरमध्ये मागायची आता सवयच झाली आहे. ऑइल इतक्या किलोमीटरला, एअर फिल्टर तितक्याला, मग वायरच का सोडायची, असा साधा हिशेब त्यामागे असतो. पण १९५५ साली मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली तेव्हापासून २०२०च्या बीएस-६ गाड्यांपर्यंतचा या हातभर वायरचा प्रवास पाहिला, की तो हिशेब चुकतो असंच मला वाटतं. ब्रेक लायनर घासून झिजतो, चेन ताणली जाते; वायरचं तसं काही होत नाही. इंजिनाच्या आचेनं तिचं आवरण कडक होतं, ओलीनं तिचं टोक काळं-हिरवं पडतं, उच्च दाबाच्या विजेभोवती तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो. सावलीत उभी राहणारी गाडी आणि कोकणच्या खाऱ्या हवेत चार पावसाळे काढलेली गाडी यांच्या ओडोमीटरवर एकच आकडा असला, तरी दोघींच्या वायरी सारख्या नसतात.

पॉइंटच्या काळात हे वेगळं सांगावं लागत नसे. म्हैसूरची जावा १९६१ची, राजदूत १९६२ची, आकुर्डीची चेतक १९७२ची; या सगळ्या गाड्यांत ठिणगी पॉइंट, म्हणजे करंट तोडणारा संपर्क, उघडण्यावर अवलंबून होती आणि किक मारताना करंट जेमतेमच मिळायचा. राखीव जोर फारसा नसल्यानं वायरमधून जरा जरी करंट लीक झाला, तरी पहिल्या पावसातच गाडी अडून बसायची. मेस्त्री आधी प्लगची काजळी काढी, मग पॉइंट घासे, आणि तरीही जमलं नाही तर वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर छाटून कॅप पुन्हा आवळून बसवी. या छाटण्याकडे आज जुगाड म्हणून पाहिलं जातं, पण ते निदान अगदी नेमकं होतं. कॅपचा स्क्रू तांब्याच्या तारांत जिथे रुततो तिथेच पाणी शिरतं आणि जोड सैल पडतो. मधली वायर बहुधा शाबूत असते. त्या काळची खरी चूक दुसरीच होती. प्लग काढून इंजिनाच्या पाकळीला टेकवायचा, किक मारायची आणि ठिणगी निळी दिसली की वायर चांगली म्हणायची. उघड्या हवेत प्लगच्या फटीतून उडी मारायला फार कमी व्होल्टेज लागतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तीच उडी मारायला कितीतरी जास्त. त्यामुळे खचलेली वायरही या परीक्षेत पास होई. यामाहाच्या सर्व्हिस पुस्तकांत प्लगच्या फटीपेक्षा कितीतरी रुंद, किमान ६ मिलिमीटर फटीतून ठिणगी पडायला हवी असं सांगितलेलं असतं, ते यासाठीच.

१९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली, आणि त्यांच्याबरोबर सीडीआय, म्हणजे पॉइंटशिवायचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, घरोघर पोचलं. ठिणगी जोरदार झाली, पॉइंट घासायचं काम गेलं. या सुधारणेनं मात्र वायरचा दोष लपवला. राखीव जोर वाढल्यामुळे अधू वायरही सपाट रस्त्यावर गाडी नीट पळवते. घाटात टॉप गिअरला थ्रॉटल पिळला की मग गाडी मिसिंग करते, आणि संशय कार्ब्युरेटरवर जातो. त्यातच रेडिओची खरखर थांबवणाऱ्या, आत साधारण ५ हजार ओहमचा रोधक असलेल्या कॅप रुळल्या. हा रोधक आतून जळतो किंवा त्याचा संपर्क तुटतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. माझ्या युक्तिवादाचा कणा इथेच आहे. ‘वायर बदलली आणि गाडी सुधारली’ हा अनुभव खरा असतो, पण नव्या वायरबरोबर बहुधा नवी कॅपही बसलेली असते, निदान जोड तरी नव्याने आवळलेला असतो. कॅपचं श्रेय वायरला मिळतं. म्हणून कॅप सोडवून दोन्ही मीटरवर वेगवेगळ्या मोजाव्यात: तांब्याच्या वायरीचा रोध जवळजवळ शून्य यावा, कॅपचा तिच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास. वायर हलवताना काटा नाचला तर आतली तार तुटली आहे. मग अंधारात इंजिन चालू ठेवून वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. निळसर रेघा फ्रेमकडे धावल्या तर आवरण संपलं.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढीशी वस्तू प्लगबरोबर बदलून टाकली तर बिघडलं काय? जुन्या बुलेटला, जिथे वायर कॉइलमधून सुटी निघते, तिथे फारसं बिघडत नाही. आवरण वाकवताच तडकत असेल तर मोजमापाचीही वाट पाहू नये. पण पुष्कळ गाड्यांत वायर कॉइलमध्येच ओतलेली असते. तिथे वायर बदलणं म्हणजे कॉइल बदलणं, आणि चांगली कॉइल काढून बाजारातली नकली बसवणं हा तोट्याचा सौदा. शिवाय वेळच्या वेळी प्लग बदलला तर वायर आपोआप जगते, कारण झिजलेल्या प्लगची फट रुंदावते, ती ओलांडायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं आणि तो सगळा ताण आवरणावर येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दोष दिसेपर्यंत थांबलं तर नुकसान आधीच झालेलं असतं. सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांत ते खरंच होतं. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाजून निघतो. इंजेक्शनच्या गाडीत लीक होणारी ठिणगी ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या, सिग्नलमध्येही गोंधळ घालू शकते. २००३च्या पल्सर डीटीएस-आयपासून आलेल्या दोन प्लगच्या इंजिनांत तर एक वायर मेली तरी दुसऱ्या ठिणगीवर गाडी चालत राहते, फक्त ओढ आणि अ‍ॅव्हरेज घटतं. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून तपासणीचा काळ ठरतो, बदलण्याचा नव्हे. दर पावसाळ्याआधी आणि प्लग बदलताना प्रत्येक वेळी दोन्ही टोकं पाहावीत, आणि गाडी नवी असतानाच कॅपचं माप सर्व्हिस पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवावं; पाचव्या वर्षी मीटरवर दिसलेला आकडा ताडून पाहायला तेच माप लागतं.