टपालपेटीवरचे नाव

राहण्यासाठी जगातली सर्वोत्तम शहरे कोणती, याच्या याद्या दरवर्षी जाहीर होतात. 'इकॉनॉमिस्ट'च्या संशोधन विभागाच्या यादीत २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे व्हिएन्ना पहिले होते. २०२५ मध्ये तो मान कोपनहेगनकडे गेला. युरोपात जायच्या तयारीत असलेली आपली मुले या याद्या एकमेकांना पाठवतात. पण अशा याद्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बहुराष्ट्रीय कंपन्या. परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा, हे त्या अशा मोजमापावरून ठरवतात. अशा अधिकाऱ्याच्या घराची सोय बहुधा कंपनीच बघते. शहरात चांगली घरे आहेत का, हे यादी सांगते. ती नवख्याला मिळतात का, हे सांगत नाही. स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्याने मात्र सुरुवात याच प्रश्नापासून केली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

बर्लिन घ्या. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत सरकारदरबारी पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद २०१५ पासून सक्तीचा आहे. नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने घरी येतो. बँक, आरोग्य विमा, व्हिसाचे नूतनीकरण यांची पत्रेही त्याच पत्त्यावर येतात. उलट घर मागायला गेले की मालक शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि 'शूफा'चा पतदाखला मागतो. नुकत्याच विमानातून उतरलेल्या माणसाकडे यातले काहीच नसते. मग तो तात्पुरत्या खोलीत राहतो, आणि अशा कित्येक खोल्यांच्या जाहिरातीत आधीच बजावलेले असते की इथे पत्त्याची नोंदणी करता येणार नाही.

यथावकाश घर मिळते. तिथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला क्रमांक नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचे नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसले तर कर क्रमांकाचे पत्रही परत जाते. त्यामुळे किल्ली हातात पडताच पहिले काम म्हणजे पेटीवर आणि घंटीवर आडनावाची चिठ्ठी लावणे. दार उघडून आत जावे तर स्वयंपाकघराच्या जागी भिंतीतून डोकावणारे नळाचे तोंड आणि शेगडीची वायर, एवढेच. ओटा, सिंक, कपाटे आधीच्या भाडेकरूने उचलून नेलेली असतात, नाहीतर तो ती तुम्हालाच विकतो. छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबतात. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, असा कायदा आहे. पण ओट्यापासून दिव्यापर्यंतचा हा खर्च त्यात धरलेला नसतो.

बर्लिनमध्ये दहातले आठहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात. कर्जात बुडालेल्या या शहराने २००४ मध्ये आपल्या एका गृहकंपनीची सुमारे ६५ हजार घरे गुंतवणूकदारांना विकली. पुढे भाडी भडकली तेव्हा २०२० मध्ये भाडे गोठवणारा कायदा झाला, आणि बर्लिनला राज्य म्हणून तो अधिकारच नाही या कारणाने घटना न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तो रद्द केला. त्याच वर्षी सप्टेंबरात ५७ टक्क्यांहून अधिक मतदारांनी बड्या कंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीत आणावीत, असा कौल दिला. या साऱ्यामागचे गणित परक्याने नीट समजून घ्यायला हवे. जुन्या भाडेकरूचा करार बेमुदत असतो आणि कायदा त्याला भक्कम संरक्षण देतो. साहजिकच तो जागचा हलत नाही. रिकाम्या होणाऱ्या थोड्याशा घरांसाठी मग सगळे नवखे आपसात झुंजतात. कायद्याने जपले त्याला, जो आधीपासून आत आहे.

व्हिएन्नाने हे गणित शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या रीतीने मांडले. पहिल्या महायुद्धानंतर सत्तेवर आलेल्या समाजवाद्यांनी १९२३ मध्ये घरबांधणीसाठी खास कर बसवला. आलिशान घरांना तो जबर होता, साध्या घरांना नाममात्र. त्या पैशातून शहराने स्वतः घरे बांधली. कार्ल-मार्क्स-होफ ही त्यातली सर्वांत गाजलेली वसाहत १९३० मध्ये पुरी झाली. एक किलोमीटरहून लांब, १,३०० हून अधिक घरे, आत धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या. आज शहराच्या मालकीची सुमारे दोन लाख २० हजार घरे आहेत, आणि अनुदानित घरे धरली तर जवळपास निम्मे रहिवासी या व्यवस्थेत राहतात. एवढी मोठी वस्ती बाजाराबाहेर असल्यामुळे खासगी भाड्यांनाही वेसण राहते. म्युनिकच्या तुलनेत हा फरक खिशाला जाणवतो.

पण शहराच्या घरासाठी अर्ज करायलाच तिथे दोन वर्षांचे वास्तव्य लागते, आणि युरोपबाहेरच्या नागरिकाला साधारणपणे दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना, जो पाच वर्षांनी मिळतो. म्हणजे याद्यांत गाजणाऱ्या त्या घराचे दार मराठी अभियंत्यासाठी पहिली पाच वर्षे बंदच राहते. तोवर खासगी, मुदतीचा करार. ज्याला दहा-पंधरा वर्षे राहायचे आहे त्याने व्हिएन्ना जरूर निवडावे. तीन वर्षे काम करून परतणाऱ्याला तिथली गृहव्यवस्था दुरूनच दिसेल.

लिस्बनचे थोडक्यात सांगतो, कारण तिथली गोष्ट सरळ आहे. २०२२ मध्ये पोर्तुगालने परदेशातून पगार मिळवणाऱ्यांसाठी व्हिसा आणला. त्याची अट देशाच्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्नाची. २०२४ मध्ये किमान वेतन ८२० युरो होते, म्हणजे येणाऱ्याला ३,२८० दाखवावे लागत. एकाच जिन्यावर किमान वेतनावरचा स्थानिक आणि हा नवागत असे दोघे घर शोधू लागले की भाडे कोणाच्या ऐपतीने ठरणार, हे उघड आहे. पोर्तुगालशी आपला जुना धागा गोव्याचा. तिथल्या अनेक कुटुंबांनी १९६१ पूर्वीच्या, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या जन्मनोंदींच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेतले, पण संसार मांडले ते इंग्लंडातल्या स्विंडनसारख्या गावांत. पासपोर्ट लिस्बनचा आणि रोजगार दुसरीकडे, हा त्यांचा हिशेब ब्रेक्झिटपर्यंत चोख होता. २०२१ पासून नव्याने जाणाऱ्यांना तो मार्ग उरला नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आज सर्वांत जवळचा प्रश्न स्टुटगार्टचा आहे. हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनी शहर आहे. ते ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची राजधानी, त्याच्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. दहा हजार जण पाठवण्याचे उद्दिष्ट ठरले. परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर अशी ही मंडळी. स्टुटगार्ट डोंगरांच्या खोलगट भागात दाटीने वसले आहे, घरे दुर्मीळ. मी त्यांना शहराच्या नावाला न भुलण्याचा सल्ला देईन. एस्लिंगेन, लुडविग्सबुर्गसारखी गावे उपनगरी गाडीच्या टप्प्यात आहेत, तिथेही इस्पितळे आहेत, कारखाने आहेत. पहिल्या सहा महिन्यांचे घर नोकरी देणारा देणार का आणि त्या घरी पत्त्याची नोंदणी होईल का, ही दोन उत्तरे नोकरीच्या करारावर सही करण्याआधी लेखी मागून घ्यावीत. जर्मन भाषेची बी-१ पातळी शक्यतो इथूनच गाठून जावे. ती असली तर तीन वर्षांच्या कामानंतर कुशल कामगाराला कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, 'ब्लू कार्ड' हा उच्चशिक्षितांसाठीचा परवाना असणाऱ्याला २१ महिन्यांनी; आणि कायम वास्तव्याचा परवाना हाती असला की घरमालकाच्या मनातली 'हा माणूस किती दिवस टिकेल' ही शंका बरीच कमी होते.