जुना फोन जिओवर चालेल का?

२०१६मध्ये सुरू झालेल्या जिओकडे टूजी-थ्रीजी नाही. तिथे जुन्या फोनचा साधा कॉलही फोरजीवरूनच, म्हणजे व्होल्टीने जातो. म्हणून खोक्यावर ‘फोरजी’ छापलेले असणे पुरेसे नाही. व्होल्टी नसलेल्या फोनवर इंटरनेट चालते, पण नेहमीसारखा कॉल लागत नाही. फोनला ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्‌झचे फोरजी बँड हवेत. एकाच नावाच्या फोनचे बँड देशागणिक बदलतात, त्यामुळे सेटिंग्जमधला पूर्ण मॉडेल क्रमांक पाहावा. परदेशातून आलेला फोन तिथल्या कंपनीशी ‘लॉक’ असू शकतो. सर्वांत भरवशाची परीक्षा म्हणजे ओळखीच्या कुणाचे चालू जिओ सिम घालून, वायफाय बंद करून कॉल लावणे. ती नंबर पोर्ट करण्याआधीच करावी. पोर्टनंतर ९० दिवस पुन्हा कंपनी बदलता येत नाही.