भांडवल गावाचं, भाव जगाचा

विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० साली लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस पिकवणाराच मालक, त्यामुळे नफ्याचा वाटा शाळा-दवाखान्यांच्या रूपाने तिथल्याच मातीत मुरला. सहकारात राजकारण शिरलं, उसाने पाणी ओढलं, हे आक्षेप खरेच आहेत. पण खासगी कारखान्याचा ऊस काही कमी पाणी पीत नाही. नफा तेवढा बाहेर जातो. खरी गोम एकाच पिकावरच्या भिस्तीत आहे. ब्राझीलमध्ये ऊस उदंड झाला की जगभर साखर उतरते, आणि निर्यातीची किल्ली दिल्लीकडे. लोणीच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने मात्र ग्रामसभेत ठरवून उसाला आणि शेतीच्या बोअरवेलला बंदी घातली, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. दुधाचा धंदाही तिथे वाढला.