बीनला बोलते करणारे उस्ताद

आमच्या घरी आजोबांची बयाज आहे. शेर, दुआ, घरगुती नुस्खे, सारे त्यांनी स्वतःच्या हाताने उर्दूत लिहिलेले. ती वही कपड्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली असते. शाळेत आम्ही उर्दू शिकवतो. आमच्या मुलीला मात्र ती वाचता येत नाही. मरहूम उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची बीन ऐकताना आम्हाला याची शरम वाटली.

ही बीन म्हणजे गारुड्याची पुंगी नव्हे. रुद्रवीणेलाच बीन म्हणतात. लांब पोकळ दांडी, तिच्याखाली दोन मोठे भोपळे, मेणाने बसवलेले पडदे आणि तारा. एके काळी दरबारात मान असलेले हे वाद्य पुढे सतार-सरोदमागे पडले. पिढ्यान्‌पिढ्या ध्रुपद गाणाऱ्या डागर खानदानात तर ते मुख्यतः गळ्याच्या रियाजाला साथ म्हणून घरातच वाजे.

झिया मोहिउद्दीन यांचा जन्म १९२९ मध्ये उदयपूरचा. वालिद उस्ताद झियाउद्दीन खान यांनी त्यांना गाणे आणि बीन, दोन्हींची तालीम दिली. मुलाने बीन मैफलीत आणली आणि त्यासाठी वाद्यच बदलून घेतले. कलकत्त्याच्या कारागिरांकडून भोपळे मोठे आणि दांडी जाड करून घेतली. तारा जाड लावल्या. बोटातली मिजराब काढून ते नुसत्या बोटांनी वाजवू लागले. त्यामुळे खर्ज खोल झाला आणि एकदा छेडलेली तार बराच वेळ बोलू लागली. ती बोलत असतानाच पडद्यावर ओढून पुढचे सूर घेता येतात, गवई एका श्वासात घेतो तसे. घरातल्या ध्रुपदाचा आलाप तोच राहिला. आता तो तारांवरही ऐकू येऊ लागला.

उस्ताद मुंबईत चेंबूरला राहत. पनवेलजवळ पळस्पे येथे त्यांनी गुरुकुल उभारले. परदेशी शागीर्दही त्यांच्याकडे शिकले. १९९० मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांचे पुत्र उस्ताद बहाउद्दीन डागर आज बीन वाजवतात आणि शिकवतातही.

वाचकहो, वडिलोपार्जित अमानत तशीच्या तशी ठेवली आणि ती मुकी झाली, तर जपले काय? आम्ही बयाज खाली काढली आहे. रोज इशानंतर एक पान आम्ही वाचतो आणि मुलगी ते देवनागरीत उतरवून घेते. काल तिने विचारले, "अब्बा, ही अक्षरं मला कधी शिकवणार?"