जनावरांच्या जखमेसाठी वनौषधी तेल : कृती आणि मर्यादा

पावसाळ्यात गोठ्यातील चिखल व माश्यांमुळे जनावराची किरकोळ जखमही चिघळते आणि तीत किडे पडतात. अशा वरवरच्या जखमांसाठी घरी तयार केलेले वनौषधी तेल उपयुक्त ठरते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेल्या पारंपरिक पशुवैद्यक उपचारांतही अशा तेलाचा समावेश आहे.

साहित्य : खोकली (अ‍ॅकॅलिफा इंडिका), कडुनिंब, तुळस व मेंदी यांची प्रत्येकी एक मूठ पाने, लसणाच्या १० पाकळ्या, २० ग्रॅम हळद पूड आणि ५०० मि.लि. खोबरेल किंवा तिळाचे तेल.

कृती : पाने धुऊन, पुसून कोरडी करावीत. सर्व घटक वाटून तेलात मिसळावेत व मंद आचेवर उकळावेत. पाल्यातील पाणी पूर्ण आटणे हा या कृतीचा गाभा आहे. पाणी शिल्लक राहिल्यास तेलास बुरशी येते आणि असे तेल जखमेस अपायकारक ठरते. तडतड थांबून चोथा कुरकुरीत झाला की पाणी आटले असे समजावे. चोथ्याची वात करून पेटवल्यास ती न तडतडता जळते, ही आयुर्वेदातील जुनी परीक्षाही करून पाहता येते. थंड झालेले तेल गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे व तीवर तयार केल्याची तारीख लिहावी. खवट वास आलेले तेल वापरू नये.

वापर : जखम स्वच्छ धुऊन कोरडी करावी व तेल लावावे. किडे पडले असल्यास पहिल्या दिवशी खोबरेल तेलात कापूर मिसळून किंवा सीताफळाच्या पानांचा लेप करून लावावा. डोळ्यांजवळ मात्र यांपैकी काहीही लावू नये.

मर्यादा : गाई-म्हशींसाठी केलेले हेच तेल राखणीच्या कुत्र्याला किंवा मांजराला लावण्याचा मोह पशुपालकांनी टाळावा. हे प्राणी जखम सतत चाटतात. पोटात गेलेल्या लसणामुळे त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होऊ शकतो. मांजरांना हा धोका अधिक असतो. त्यांच्यासाठी पशुवैद्यकाने सुचविलेले औषधच वापरावे.

खोल जखम, न थांबणारा रक्तस्राव, ताप किंवा चारा सोडणे ही लक्षणे दिसताच घरगुती उपचारात वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक दाखविताना कृतीइतकाच भर या मर्यादांवर द्यावा.